मधलं नाव

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळही नाही. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं — आणि मी पाणी प्यायले, विषय बदलला. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही समोर नाही म्हणून असेल. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघत हे सांगायची माझ्यात हिंमत नाही.

आधी माझं काम सांगते. टाळत नाहीये, कामाशिवाय पुढचं कळणार नाही. — खरं तर टाळतेय थोडंसं. असू दे.

मी जव्हारला एका लहानशा संस्थेत पुस्तकांची पानं लावते. संस्थेचं नाव सांगत नाही, चूक तिची नाही. डोंगरातल्या गावांची पुस्तकं आम्ही काढतो — भाज्यांचं, औषधी पाल्याचं, जुन्या गोष्टींचं. प्रत्येक पुस्तक मराठीत निघतं, इंग्रजीत निघतं, आणि गुजरातची हद्द जवळ म्हणून गुजरातीतही. आता गंमत बघा. माणूस एकच, पण त्याचं नाव प्रत्येक भाषेत वेगळं बसतं. मराठीत नाव, मधलं नाव, आडनाव. मागच्या सूचीत आडनाव पुढे. इंग्रजीत आडनाव, स्वल्पविराम आणि नुसती आद्याक्षरं. गुजरातीत पुरुषाला भाई, बाईला बेन. पूर्वी हे सगळं हातानं व्हायचं आणि भलभलते घोळ व्हायचे. एका म्हाताऱ्या भगताला आम्ही एका पुस्तकात चक्क बेन करून टाकलं होतं.

तर मी एक साचा केला. बाहेरचे लोक त्याला स्टाइलशीट म्हणतात, आम्ही साचाच म्हणतो. माणसाचं नाव एकदाच, तुकडे करून, रकान्यांत भरायचं — स्वतःचं नाव, वडिलांचं, नवऱ्याचं, दोन्हीकडची आडनावं. पुढे कुठल्या भाषेत ते कसं मांडायचं ते साचा बघतो. संस्था चालवणारे आमचे सर त्यावर फार खूश होते. पाहुणे आले की त्यांना माझ्या टेबलापाशी आणायचे. मी एक कळ दाबायचे आणि दोनशे नावं इंग्रजीतून गुजरातीत चालत जायची. “बोटसुद्धा लावावं लागत नाही,” असं मी म्हणायचे. माझं लाडकं वाक्य होतं ते.

त्या साच्यात एक नियम होता. बाईचा नवऱ्याचा रकाना भरलेला असेल तर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव त्याच्याकडचं. रिकामा असेल तरच वडिलांचं. हा नियम लिहिताना मी क्षणभरही थांबले नाही. का थांबू? माझ्या आईचं तसंच, माझंही तसंच.

मग बियाण्यांचं पुस्तक आलं. खोडाळा, पोशेरा, त्यावरचे पाडे — तिथे नागलीची म्हणजे नाचणीची, वरईची, भाताची जुनी वाणं कुणी राखून ठेवली आहेत त्याची नोंद. प्रत्येक वाणाचा फोटो आणि खाली राखणाऱ्याचं नाव. नोंदी घ्यायला मी कधी जात नाही. मी टेबलाची बाई. पण त्या आठवड्यात आमची नोंदी घेणारी मुलगी तापानं पडली आणि वही माझ्या हातात आली.

अशी मला सोनीबाय भेटली. पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर. पन्नाशीची असेल. चुलीच्या वर सुकवलेला भोपळा टांगलेला, त्यात राखेत कालवलेली लाल नागली. उशिरा येणारी, उताराच्या जमिनीतही तग धरणारी. तिनं भोपळा उतरवला, तळहातावर थोडं बी घेतलं आणि फुंकर मारून राख उडवली. ती या घरात आली तेव्हा तिच्या बापानं तिच्या ओटीत हेच बी घातलं होतं. दुसरं काही द्यायला नव्हतं त्याच्याकडे. तेव्हापासून एकही साल तिनं ते चुकवलं नाही. दुष्काळातसुद्धा, घरात दाणा नसताना, भोपळ्यातलं बी खाल्लं नाही.

मी नाव विचारलं.

“सोनी काळू वारे,” ती म्हणाली. “काळू माझा बापूस. बियाणा त्याचा, नाव पन त्याचाच लाव.”

घर सापडायला हवं म्हणून मी घरधन्याचं नाव विचारलं. लक्ष्मण झुगरे. तेही मी लिहून घेतलं. तशी ती लगेच म्हणाली, “त्याचा लावू नको हां. लगीन कुठं झाला हाय आमचा?” आणि खळखळून हसली. बाहेर पडवीत दोरी वळत बसलेला लक्ष्मणही हसला.

आमच्याकडच्या डोंगरात यात नवल काही नाही. दोघं एकत्र राहायला लागतात, शेत करतात, पोरंबाळं होतात. लगीन म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण. ते जमेल तेव्हा लागतं, कधी वीस वर्षांनी. पोराचं लगीन काढलं की आधी आईबापाचं लावतात, एकाच मांडवात. यांचाही पोरगा लग्नाला आला होता. दोन्ही लगनं एकदमच लावू असं चाललं होतं. लगीन लागलं की बाय नवऱ्याकडची. तोवर ती बापाची. बाप नसला तर भावाची.

मी म्हटलं, मावशी, रेशनकार्डावर तर तुम्ही झुगरेच आहात.

“ता सरकारचा. सरकार इचारत नाय, लिवतो.” तिनं वहीवर बोट ठेवलं. “तू इचारतंस ना?”

मी समासात लिहिलं — बापाचं नाव लावायचं, तिनं स्वतः सांगितलं. खाली दोन रेघा मारल्या. ती वही आजही माझ्याकडे आहे. ती माझ्याकडे का आहे, तेही येईल.

जव्हारला परतून मी नोंदी रकान्यांत भरल्या. वडिलांचा रकाना भरला, नवऱ्याचाही भरला — वहीत होता ना, म्हणून. समास पाहिला नाही. इथवर चूक म्हणता येईल. इथवरच झालं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते.

पण तपासायची पानं हातात आली तेव्हा मी ते पाहिलं. लाल नागलीचा फोटो, तिचा तळहात, आणि खाली — सोनी लक्ष्मण झुगरे. मला लगेच आठवलं. तिचं हसणं आठवलं, दोन रेघा आठवल्या. मी बघत बसले.

काय करायला हवं होतं? एक रकाना रिकामा करायचा. एवढंच. पण मग मागच्या सूचीत ती ‘झ’वरून ‘व’वर जाणार, तिन्ही भाषांत पानं सरकणार, इंग्रजी प्रत छपाईला गेलेली ती थांबवावी लागणार. आणि सरांना सांगावं लागणार, की साच्याला बोट लावावं लागतं. ते तर आदल्याच दिवशी दोन पाहुणे घेऊन आले होते. मी मनात म्हटलं, एका नावासाठी? मी मनात म्हटलं, रेशनकार्डावर तेच आहे, खोटं तर नाही. आणि मग मी मनात आणखी एक म्हटलं. ते लिहायला हात अडतो आहे. मी म्हटलं — तिला वाचता कुठे येतं?

मी पान उलटलं.

पुस्तक वाटायचा कार्यक्रम खोडाळ्याला ठेवला, बाजाराच्या दिवशी, म्हणजे सगळ्यांना सोयीचं. शाळेच्या खोलीत बियाणं राखणारी पंचवीसेक बाया-माणसं जमली होती. सोनीबायला प्रत मिळाली तशी तिनं आपला तळहात ओळखला. “माझा हात!” म्हणून शेजारणीला दाखवत सुटली. तिचा भाऊ देवजी खोडाळ्याजवळच राहायचा. सातवी शिकलेला, शांत माणूस. बहिणीचं कौतुक बघायला धुतलेला सदरा घालून आला होता. आणि त्यानं फोटोखालचं वाचलं.

तो माझ्यापाशी आला. पुस्तकात बोट घालून. आवाज चढवला नाही त्यानं. “मॅडम, बियाणा आमचे बापसाचा. हा नाव कुनी लिवला?”

सर माझ्या बाजूलाच उभे होते. आणि सोनीबाय — ती अजिबात घाबरली नव्हती, हे तुम्हाला सांगायलाच हवं. ती भावाला म्हणाली, “तिलाच इचार ना. मी बापसाचा सांगला. तिना लिवून घेतला माझे समोर.” आणि विश्वासानं माझ्याकडे बघत राहिली. मी आता हो म्हणणार, की झालं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. रागानं नाही, काही नाही.

मी म्हणाले, “मावशींनी सांगितलं तेच घेतलंय. आम्ही आमच्या मनानं काही घालत नाही.”

हे ते. एवढंच वाक्य आहे.

मी अडखळलेसुद्धा नाही. इतकं स्वच्छ, कामाच्या आवाजात निघालं ते. खोटं बोलताना माणसाचा आवाज कापतो म्हणतात — माझा नाही कापला. सोनीबायच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. ती गोंधळली होती. बाजारात पिशवी कुठे ठेवली ते आठवेनासं झालं की माणूस जसा उभा राहतो, तशी उभी राहिली. एवढी शिकलेली बाई, वही घेऊन आलेली बाई कशाला खोटं बोलेल?

देवजीनं पुस्तक मिटलं आणि बाकावर ठेवलं. बहिणीला म्हणाला, “तुझा लगीन झाला त बुकात. मना बोलावूस नको आता.” आणि गेला.

त्याच संध्याकाळी मी ती वही ऑफिसातून घरी आणली. कपाटात साड्यांच्या खाली घातली. कुणी मागितली नाही. कुणी मागेल असं वाटलं म्हणून नव्हे — ती टेबलावर असताना मला काम सुचेना म्हणून.

उन्हाळ्यात लगीन ठरलं. आईबापाचं आणि पोराचं, एका मांडवात. सोनीबायनं मला निरोप धाडला. मला! मी जायला नको होतं. पण न गेले तर संशय येईल, असा हिशेब केला. जव्हारच्या बाजारातून एक लुगडं घेतलं, हिरवं, लाल काठाचं.

तिथे मांडवात बाईला माहेरचं लुगडं लागतं. बाप आणतो, नाही तर भाऊ. तिचा बाप केव्हाच गेलेला. देवजीला दोनदा बोलावणं गेलं होतं. ती सकाळपासून हळद लावून बसली होती आणि तिचं लक्ष पाड्याच्या वाटेकडे. खोडाळ्याच्या अंगानं कुणी येताना दिसलं की शेजारणीला विचारायची, कोण ते? ऊन चढलं. गाणं म्हणणारी धवलेरी एकदा थांबली, दुसऱ्यांदा थांबली. तिथे तीच भटजी, तिच्या गाण्याशिवाय लगीन लागत नाही. मग लक्ष्मण धवलेरीच्या कानाशी काहीतरी बोलला. माझ्या हातातल्या पिशवीतलं लुगडं तेव्हा कुणाच्या तरी नजरेला पडलं.

धवलेरी म्हणाली, हाच चालल.

मी नाही म्हणायला हवं होतं ना? सगळं सांगून टाकायला तो मांडव काय वाईट होता? सुनेकडची माणसं अजून यायची होती, देवजीकडे कुणी धावत गेलं असतं तर तासाभरात परत आलं असतं. मी पिशवीतून लुगडं काढलं. पदर तिच्या डोक्यावर मी घातला, माझ्या हातानं. तिच्या हळदीनं माझी बोटं पिवळी झाली. ती माझा हात धरून म्हणाली, “आता तूच माझा माहेर, बाय.” आणि रडली. मीही रडले. बघणाऱ्यांना वाटलं, बाई किती मायाळू आहे.

देवजी दोन पावसाळ्यांनी वारला. पोटाच्या दुखण्यानं, फार दिवस अंथरुणावर नव्हता. सोनीबायला उशिरा कळलं. ती पोचली तेव्हा माती झालेली. दिवसकार्याच्या जेवणाला ती परक्यांच्या ओळीत बसली, असं मला आमच्या नोंदी घेणाऱ्या मुलीनं सांगितलं. सहज सांगितलं. ती चहा पीत होती, मीही पीत होते.

त्यानंतरच्या महिन्यात मी साचा बदलला. एक नवा रकाना वाढवला — माणसानं स्वतः सांगितलेलं नाव. तो भरलेला असेल तर बाकीचे सगळे नियम बाजूला, कुठल्याही भाषेत. अर्धी दुपार लागली. एवढंच काम होतं ते, अर्ध्या दुपारचं! सरांनी चार लोकांत माझं कौतुक केलं. म्हणाले, बघा, किती बारीक विचार करते ही. मी ते कौतुक घेतलं. मान खाली घातली, म्हणजे विनय वाटला असेल त्यांना.

दुसरी आवृत्ती गेल्या साली आली. सोनी काळू वारे. इंग्रजीत, गुजरातीत, सूचीत ‘व’खाली, सगळीकडे बरोबर. प्रत घेऊन मी एकटीच पाड्यावर गेले. वहीसुद्धा पिशवीत घेतली होती. आज सांगायचं, असं ठरवून गेले होते. एसटीत बसून वाक्यंही जुळवली होती.

ती आता वाकली आहे. पण भोपळा तिथेच, चुलीच्या वर. मी पान उघडलं, तिचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं आणि वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. ‘काळू’ वर तिचं बोट थांबलं.

मग ती म्हणाली, “तवा माझेच तोंडातून चुकीचा गेला असंल. लगनाचा चालला होता ना, त्याचाच नाव आला तोंडात. देवजी बोलला ता खराच बोलला.” पानावरून तळहात फिरवला. “तू सुधारलास, बेस केलास. मी चुकले.”

मी तिला सांगायला गेले होते, की तू खरी आणि मी खोटी. आणि तिच्याकडे ते खरंही उरलेलं नव्हतं. तिचं स्वतःचं आठवणंसुद्धा मी घेऊन बसले होते. ते समासात, दोन रेघा मारलेलं, माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं.

मी पिशवी उघडली नाही. “असू दे, मावशी,” म्हणाले.

तिला माफ केल्यासारखं म्हणाले मी ते. निघताना तिनं राख उडवून मूठभर नागली माझ्या पदरात घातली. माहेरवाशिणीच्या ओटीत घालावी तशी. मी ती घेऊन आले. परसात टाकली नाही, दळलीही नाही. कपाटात वहीशेजारी एका डबीत आहे.

सोनीबाय अजून आहे. पोशेऱ्याला दिवसातून एकदा एसटी जाते. आणि हे मी लिहून ठेवते आहे — कागदावर, स्वच्छ अक्षरात, तिचं नाव तिनं सांगितलं तसं घालून. तिला वाचता येत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आत्ताही ठाऊक आहे.